‘बनवाबनवी’ आणि भाड्याची खोली

यंदाच्या पावसाळ्यातील एक रविवार. दोन दिवसांपासून झड लागलेली. आमच्या मुदखेडला अशी झड लागली, की दोनच आवाज उरतात. एक पत्र्यावरच्या पावसाचा आणि दुसरा जंक्शनात शिरणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा. फुलांच्या मळ्यांत चिखल, बाजारात शुकशुकाट. आमचे सासर आणि माहेर दोन्ही मुदखेडातच, मधे फक्त दोन गल्ल्या. तेव्हा छत्री घेऊन आम्ही दुपारीच माहेर गाठले. ताईची मुलगी पुण्याहून चार दिवसांसाठी आजोळी आली होती. तिला भेटायचे, हे निमित्त.

घरात बैठक भरलेलीच होती. आई पलंगावर टेकून बसलेली. खाली सतरंजीवर वहिनी शेंगा फोडीत होती. दादा, त्याचा नववीतला मुलगा, आमची भाची आणि शेजारचे गुरुजी. गुरुजी शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. पण चूक दिसली की ती लाल शाईने खुडायची सवय काही सुटली नाही. टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ नुकताच सुरू झाला होता. आमच्या घरात हा सिनेमा कितव्यांदा लागला, हे आता कोणी मोजत नाही.

हा सिनेमा न पाहिलेला वाचक विरळाच. तरी ज्यांचा राहिला असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तो १९८८ साली आला. निर्माते किरण शांताराम, दिग्दर्शक सचिन, लेखन वसंत सबनीस यांचे. कल्पना मात्र त्याहून जुनी. हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’ या हिंदी सिनेमावरून ती घेतलेली आहे. पुण्यात चार तरुणांना राहायला जागा नाही. धनंजय माने ज्या घरात भाड्याने राहतो, तेथून घरमालक सरपोतदार त्याला बाहेर काढतात. लीलाबाई काळभोर यांच्या बंगल्यात जागा आहे. पण त्यांची अट अशी, की भाडेकरू जोडप्यानेच राहणारे हवेत. मग चौघांपैकी दोघे नवरे राहतात आणि दोघे बायका होतात. परशुरामाची पार्वती होते, सुधीरची सुधा होते. त्यातच चौघांचीही प्रेमप्रकरणे. एकाचे आपल्या दुकानाच्या मालकिणीवर, दुसऱ्याचे थेट लीलाबाईंच्या भाचीवर. घरात बाई, घराबाहेर प्रियकर, अशी ती धांदल.

पार्वती झालेले लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली गेले. सिद्धार्थ रे त्याच वर्षी गेले, सरपोतदार झालेले सुधीर जोशी २००५ साली. अशोक सराफ यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. एवढा काळ लोटला, तरी सरपोतदारांच्या औषधाच्या सत्तर रुपयांचा विषय निघाला की घरातले लहान मूलही हसते.

तर त्या दिवशी भांडण काढले ते दादाच्या मुलाने.

“आत्या, मला एक सांग,” तो म्हणाला, “पार्वतीचा आवाज ऐकूनसुद्धा लीलाबाईला कळत नाही? रोज दाढी कधी करतात हे? आणि कोणी बघत कसं नाही?”

वहिनी म्हणाली, “आवाजाचं सोड. बाईला बाई एका नजरेत कळते. पदर कसा खोचला, चुलीपुढं कशी बसली, पातेलं कसं उतरवलं, यावरून कळतं. लीलाबाई एक दिवस स्वयंपाकघरात आली असती, तर सिनेमा तिथंच संपला असता.”

दादा सिनेमाच्या बाजूचा. तो म्हणाला, “अहो, विनोदी सिनेमा आहे. पुरुषानं बाईचं सोंग घेणं आपल्याकडं काय नवीन आहे? तमाशात नाच्या असायचा. बालगंधर्वांची नाटकं बघायला बायका यायच्या आणि त्यांच्यासारखं लुगडं नेसायच्या. तिकडं अमेरिकेत १९५९ साली ‘सम लाइक इट हॉट’ नावाचा सिनेमा निघाला, त्यातसुद्धा दोन वाजंत्री बाया होऊन बायकांच्या बँडमध्ये शिरतात. सगळ्या जगाला पटलं आणि तुम्हालाच पटत नाही?”

गुरुजी आतापर्यंत गप्प होते. त्यांनी चष्मा पुसला. मुद्दा काढायचा असला की ते आधी चष्मा पुसतात.

“सोंगाचं मी समजू शकतो,” ते म्हणाले. “माझा आक्षेप मुळाशी आहे. पुण्यासारखं शहर. हजारो घरं. चौघंही धडधाकट, त्यातला एक चांगल्या दुकानात नोकरीला. यांना दुसरी खोली मिळेना? एका खोलीसाठी माणूस आपलं नाव बदलील, रूप बदलील, हे मला पटत नाही. पायाच कच्चा आहे या कथेचा. दोन दिवस जास्त हिंडले असते, तर मिळाली असती.”

आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली.

मुदखेडात झडीच्या दिवसात लाईट जाणे यात सांगण्यासारखे काही नाही. पण पडदा काळा झाल्यावर भांडणाला उलट जोर चढला. मुलगा गुरुजींच्या बाजूने, दादा एकटा विरुद्ध. वहिनी दोन्हीकडून. भाची मात्र कोपऱ्यात गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. एरवी सिनेमा म्हटला की सर्वांच्या आधी बोलणारी पोरगी.

आम्ही विचारले, “तुझं काय मत? तू तर पुण्यात राहतेस.”

ती म्हणाली, “मला पण पटत नाही, मावशी. पण गुरुजींसारखं नाही. खोलीसाठी माणूस सोंग घेतो, हे मला एकदम पटतं. मला पटत नाही ते पुढचं. ते इतके खूश कसे राहतात? गाणी म्हणतात, नाचतात, प्रेम करतात. जो आपण कोण आहोत हे घरमालकापासून लपवून राहतो, त्याला झोप येत नाही हो.”

कोणी काही बोलले नाही. पाऊस तेवढा वाजत राहिला. मग पलंगावरून आई म्हणाली, “तुला कसं ठाव, माय?”

अंधार होता म्हणून असेल, पोरीने सांगितले.

पुण्याला पहिल्या वर्षी ती मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहिली. पाच जणी, दाटीवाटी, अभ्यास होईना. मग या जानेवारीत तिने जागा शोधायला घेतली. फोन केला की तिकडून पहिला प्रश्न कॉलेजचा, दुसरा गावाचा, तिसरा आडनावाचा. आडनाव सांगितले की कोणी म्हणे, खोली कालच गेली. कोणी म्हणे, आम्हाला शाकाहारीच मुलगी पाहिजे. ती म्हणाली, मी अंडंसुद्धा खोलीवर करणार नाही. तरी फोन ठेवला गेला. असे तीन ठिकाणी झाले. चौथ्या ठिकाणी ती स्वतः गेली. दार एका काकूंनी उघडले. पाणी दिले. आडनाव विचारले. आमच्या जावयांचे आडनाव असे, की ते चार जातींत सापडते. काकूंनी स्वतःच अंदाज केला, “म्हणजे तुम्ही अमुक का?” आणि आमची पोरगी गप्प बसली.

“मी खोटं नाही बोलले, मावशी,” ती म्हणाली. “नुसती गप्प बसले. पण त्या गप्प बसण्यावर मला सहा महिने राहावं लागलं.”

सहा महिने म्हणजे काय, ते तिने सांगितले. बाबांचा फोन आला की ते पहिल्यांदा ‘जयभीम’ म्हणतात, म्हणून फोनचा आवाज कमी करून ठेवायचा. आपण उत्तर द्यायचे ते ‘हॅलो’. घरून दिलेला बुद्ध आणि बाबासाहेबांचा छोटा फोटो बॅगेत, कपड्यांच्या खाली. चौदा एप्रिलला पांढरा ड्रेस पिशवीत घालून निघायचे, मैत्रिणीच्या खोलीवर बदलायचे आणि रात्री परत येताना पुन्हा बदलायचे. काकूंच्या घरी पूजा असली की बोलावणे येई. जावे तर मन खाई, न जावे तर संशय येईल ही भीती.

“आणि सगळ्यांत अवघड काय होतं माहीत आहे?” ती म्हणाली. “काकू चांगल्या आहेत. मला ताप आला, तर दोन दिवस मऊ भात करून आणून देत होत्या. डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. त्या वाईट असत्या, तर मला सोपं गेलं असतं. मी पडल्या पडल्या एकच विचार करत होते, की हा भात त्या कोणाला देत आहेत?”

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. ताईला यातले काहीच माहीत नव्हते. आम्हालाही नव्हते. पोरगी दर आठवड्याला फोनवर “सगळं छान आहे” म्हणत होती आणि आम्ही तिला “अभ्यास कर” म्हणत होतो.

मग आई बोलू लागली. आमची आई ऐंशीच्या घरात आहे. आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. लग्नानंतरच्या पहिल्या बदलीची गोष्ट तिने आम्हाला कधी सांगितली नव्हती. आमच्या पन्नाशीपर्यंत ती तिने पोटात ठेवली आणि नातीसाठी बाहेर काढली.

“आमाला क्वार्टर भेटायला टाईम लागला,” ती म्हणाली. “तवा गावात खोली बघितली. घरवाल्यानं इचारलं, ‘कोन लोक?’ तुझे आजे म्हनले, ‘रेल्वेचे.’ त्यानं पुन्हा इचारलं, ‘रेल्वेचे म्हंजी?’ ते म्हनले, ‘गँगवर हाव.’ झालं. आमची जात रेल्वे झाली.”

अंधारातही सगळे हसले. तीही हसली. मग म्हणाली, “पाच महिने ऱ्हायलो. बाबासाहेबाचा फोटू पेटीत, गोधडीच्या घडीत. रात्री दार लावून काढायचा, पाया पडायचं, पुन्हा ठेवायचा. घरवाली लई मायेची. मी तवा दोन जिवाची होते. क्वार्टर भेटलं, निघायच्या दिवशी तिनं माझी ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ. मी गाडीत बसून रडले. तुझे आजे म्हनले, ‘कामून रडतीस?’ मी म्हनलं, तिनं माझी ओटी नाही भरली. तिनं त्या रेल्वेवालीची ओटी भरली.”

वाचकहो, आम्ही हे जसे ऐकले तसे लिहिले आहे. त्या वेळी पोटात होती ती आमची ताई, म्हणजे या पोरीची आई. एका सोंगाच्या घरातून ताई निघाली आणि साठ वर्षांच्या आसपास काळ गेल्यावर तिची लेक दुसऱ्या सोंगाच्या घरात जाऊन बसली. मधल्या काळात ताई शिकली, पोरगी शिकली, घरात टीव्ही आला, हातात मोबाईल आला. घरमालकाचा प्रश्न मात्र तोच राहिला. पूर्वी तो ‘कोण लोक’ असा होता, आता ‘पूर्ण नाव काय’ असा आहे.

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी अंधारातच चष्मा पुसला.

“मी मघाशी जे म्हणालो, ते मागे घेतो,” ते म्हणाले. “खोलीसाठी माणूस नाव बदलील हे मला पटत नाही, असं मी म्हणालो. आणि बडोद्याची गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल. सिनेमा बघताना ती आठवली कशी नाही?”

बडोद्याची गोष्ट आपल्या घरांतून सर्वांना ठाऊक असते; पण पुष्कळदा अर्धीच. म्हणून ती येथे पूर्ण देतो. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन येथील शिक्षण घेऊन परतले आणि करारानुसार बडोदे संस्थानात नोकरीला गेले. राहायचे कोठे, हा पहिलाच प्रश्न. हिंदूंच्या खाणावळीत जागा मिळणार नव्हती. एका पारशी धर्मशाळेत ते गेले. ती फक्त पारशांसाठी होती. तेथील माणसाला एक गिऱ्हाईक मिळत होते आणि बाबासाहेबांना छप्पर हवे होते. वहीत पारशी नाव लिहायचे आणि रोजचे दीड रुपया भाडे द्यायचे, असे ठरले. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेल्या दालनाशेजारी, कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात, जगातल्या दोन मोठ्या विद्यापीठांत शिकलेला तो विद्वान परक्या नावाने राहिला. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन दारात आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची, असे बजावून गेले. ओळखीच्या दोघांना बाबासाहेबांनी विचारून पाहिले; एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचण सांगितली. कामाठीबागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ते लेखन १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले.

त्या लेखनात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नाव बदलले, याची सफाई देण्यात बाबासाहेब पाने खर्च करीत नाहीत. ज्या समाजात माणसाला रात्रीच्या आसऱ्यासाठी नाव बदलावे लागते, त्या समाजाचे चित्र ते उभे करतात.

गुरुजींनी पुढे बाबूराव बागुलांचे नाव काढले. १९६३ साली त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह आला. त्या नावाच्या कथेतला तरुणही रेल्वेत नोकरीला लागलेला, परगावी जात न सांगता राहिलेला. उघड झाल्यावर तो मार खातो. आईने बागुलांचे नाव कधी ऐकले नव्हते. गोष्ट ऐकून ती एवढेच म्हणाली, “आमचं पाच महिन्यांत क्वार्टर आलं म्हनून बरं.”

दादा अजून सिनेमाच्याच बाजूचा होता. तो म्हणाला, “पण हे जुनं झालं. आता कायदा आहे.” कायदा आहे, हे खरे. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यास वा तेथे राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे, हा त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. पण फोनवर “खोली कालच गेली” असे म्हणणाऱ्यावर कोणते कलम लावायचे? नकाराचे कारण तो सांगतच नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. घर मागणाऱ्याचे नाव दलित किंवा मुस्लिम आहे असे दिसले, की नकार तरी मिळतो, नाहीतर जास्त भाडे आणि जादा अटी पुढे येतात, असे त्यात दिसून आले. आमच्या पोरीला तो अभ्यास वाचायची गरज पडली नाही.

सरकारची मदत नाही असेही नाही. शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना बाहेर राहण्या-जेवण्यासाठी पैसे मिळावेत म्हणून २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. ज्यांची मुले बाहेरगावी शिकायला निघाली आहेत, त्या पालकांनी समाजकल्याण कार्यालयात वसतिगृहाची आणि या योजनेची चौकशी वेळेवर करावी. ताईने ती केली नव्हती, आम्हीही तिला सांगितले नव्हते. भाड्याचे पैसे त्यातून मिळू शकतात. दार उघडणाऱ्याने पूर्ण नाव ऐकून दार उघडेच ठेवावे, याची तजवीज मात्र कोणत्याही योजनेत नाही.

तासाभराने लाईट आली. सिनेमा शेवटाला आला होता. सोंग उघडे पडण्याची वेळ. आम्ही सर्वजण पुन्हा पडद्याकडे वळलो, आणि खरे सांगायचे तर पुन्हा हसलोही. लक्ष्मीकांत बेर्डे समोर असताना न हसणे कोणाला जमले आहे? पोरगीसुद्धा हसली. दादाच्या मुलाने मधेच हिशेब मांडला, की सचिन आणि सुप्रिया खरे नवरा-बायको, लक्ष्मीकांत आणि प्रिया पुढे नवरा-बायको झाले, आणि निवेदिता जोशी सिनेमात शंतनूच्या वाट्याला आल्या असल्या तरी लग्न अशोक सराफांशी केले. वहिनी म्हणाली, “म्हणजे खरी बनवाबनवी तीच.”

शेवट गोड झाला. चौघांच्या चार जोड्या जुळल्या. तेव्हा भाची हळूच म्हणाली, “त्यांचं बरं होतं. साडी सोडली की सोंग संपलं.”

गुरुजींच्या आक्षेपाचे उत्तर त्या एका वाक्यात होते, असे आम्हाला वाटते. कथेचा पाया कच्चा नाही. पाया अगदी खरा आहे. घर देणारा आधी अट घालतो आणि गरजू माणूस त्या अटीच्या मापाने स्वतःला कापून घेतो, हे रोज घडते. हलक्याफुलक्या सिनेमाने त्यातले एवढेच निवडले, जे शेवटी अंगावरून उतरवता येते. धनंजय माने लग्न करून लीलाबाईंची अट खरीच पुरी करू शकतो. सुधीर साडी फेडून सुधीर होतो, आणि सुधीर असणे यात कोणाला वावगे वाटत नाही. आमच्या आईने आणि भाचीने जे झाकले, ते उघडे झाल्यावर माफी मागायची कशाची? माणूस म्हणून जन्मल्याची? म्हणून आमचा आक्षेप सोंगावर नाही आणि त्या हसऱ्या सिनेमावरही नाही. लीलाबाई किती सहज माफ करतात, तेथे आमचे मन जरा अडते. आपल्या लोकांना तशी लीलाबाई क्वचित भेटली आहे.

रात्री जेवणे झाल्यावर पोरीने आजीला विचारले, “आज्जी, मी चुकले का गं?”

आईने तिला जवळ घेतले. म्हणाली, “डोक्यावर छप्पर पायजे म्हनून केलं, त्याची लाज नको धरू. मी बी धरली नाही. पन मी केलं तवा मला सही करता येत नव्हती. तुला चार पुस्तकं जास्त येतात. तू काय करायचं ते तूच ठरव. फकस्त रातची झोप आली पायजे.”

आम्ही तिला काही उपदेश केला नाही. करायला गेलो असतो तर कोणत्या तोंडाने केला असता? भाड्याची खोली शोधायची वेळ आमच्यावर कधी आलीच नाही. बापाच्या क्वार्टरमधून निघालो ते नवऱ्याच्या घरात, दोन गल्ल्या ओलांडून. सांगून टाक म्हणणे सोपे असते. रात्री सामान घेऊन रस्त्यावर उभे राहायचे ते तिला.

दोन दिवसांनी ती नांदेडहून पुण्याच्या गाडीत बसली. जाताना वहिनीने शेंगदाण्याची चटणी दिली, आईने काही दिले नाही, फक्त चेहऱ्यावरून हात फिरवला.

दोन आठवड्यांनी रात्री फोन आला. “मावशी, सांगितलं काकूंना.” फोटो बॅगेतून काढून टेबलावरच्या भिंतीला लावला होता. काकू विजेचे बिल घेऊन आल्या, त्यांनी तो पाहिला. पोरगी म्हणाली, “आम्ही बौद्ध आहोत, काकू. तुम्ही अंदाज केला तेव्हा मी गप्प बसले, ते चुकलं असेल तर माझं चुकलं. पण आता गप्प बसवत नाही.” काकू काही न बोलता बिल टेबलावर ठेवून गेल्या. दोन दिवस जिन्यात समोर आल्या तरी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः वर आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “आधी सांगितलं असतंस, तर मी खोली दिली नसती. आणि आता तुला जा म्हणवत नाही.”

आम्ही हे वाक्य आईला सांगितले. तिने ते दोनदा म्हणायला लावले. मग म्हणाली, “बाई खरं बोलली. माझ्यावाली कधी बोललीच नाही. म्या संधीच दिली नाही तिला.”

घरमालक काका मात्र तेव्हापासून पोरीशी बोलत नाहीत. अकरा महिन्यांचा करार आहे, तो जानेवारीत संपतो. पुढे वाढवतील की नाही, हे काकूंनाही सांगता येत नाही. पोरगी दुसरीकडे जागा पाहते आहे. या वेळी फोनवर पूर्ण नाव आणि ‘आम्ही बौद्ध’ हे दोन्ही ती आधीच सांगते. त्यामुळे फोन लवकर संपतात, असे ती म्हणाली. पण वेळही वाचतो.

आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज पुणे, मुंबई, हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर येथे खोल्यांतून राहत आहेत. त्या फोनवर “सगळं छान आहे” म्हणतात. एकदा त्यांना विचारून पाहा, की भिंतीवर काय लावले आहे. आणि ज्या भगिनींनी आमच्या आईसारखी एखादी गोष्ट पेटीत गोधडीखाली ठेवली असेल, त्यांनी ती आपल्या नातवंडांना सांगावी. आम्हाला कळवली, तर या पानावर तिला जागा आहे.

आईला आता मोबाईल कानाला लावून दिला, की पोरीची ख्यालीखुशाली विचारण्याच्या आधी ती एकच विचारते, “फोटू भिंतीवरच हाय ना?”

अजून तरी आहे.